टेबलावरचा थोरला

पुआ आंटीच्या घरी भांडायचं असलं तर आधी झाकण शोधावं लागे.

हे झाकण लाकडी होतं, चांगलं जाडजूड, तिच्या सासूच्या भात ठेवायच्या डब्याचं. डबा कधीच मोडीत गेला होता, झाकण तेवढं उरलं होतं. ते कधी कुंडीखाली सापडे, कधी फ्रीजच्या वर. उन्हाळ्यात तर आंटी त्यानं वारा घेत बसलेली असे. ज्या भांड्यावर ते ठेवायचं ते भांडं मात्र सासरचं नव्हतं. ते तिच्या माहेरचं, हवाईचं. लाकडाचं खोल वाडगं, वापरून वापरून आतून गुळगुळीत झालेलं. त्यात पोई असे. पोई म्हणजे अळकुड्या शिजवून, दगडी बत्त्यानं कुटून, पाण्याचा हात लावत लावत केलेली घट्ट लापशी. ते वाडगं टेबलाच्या मध्यावर उघडं आहे तोवर त्या घरात कुणी आवाज चढवायचा नाही, टोमणा मारायचा नाही, जुनं काही उकरून काढायचं नाही. अगदीच राहवत नसेल तर उठून झाकण आणायचं, वाडग्यावर ठेवायचं आणि मग काय ते बोलायचं.

"का म्हणजे? थोरला बसलाय ना समोर!" आंटी म्हणायची.

थोरला म्हणजे अळू. तिच्या लोकांची गोष्ट अशी की आकाशाच्या घरी पहिलं मूल झालं ते निर्जीव. ते घराच्या कडेला पुरलं, तर तिथून अळू उगवलं. मग दुसरं मूल झालं, ते पहिलं माणूस. त्या माणसानं थोरल्या भावाची निगा राखायची आणि थोरल्यानं धाकट्याचं पोट भरायचं, असा करार. थोरला भाऊ टेबलावर बसलेला असताना धाकट्यांनी एकमेकांच्या झिंज्या ओढायच्या म्हणजे काय? ही गोष्ट ती इतक्या सहजपणे सांगायची की जणू तिच्या शेजारच्या वाडीत घडली होती.

जपानात तोक्योजवळच्या उरायासुत आम्ही राहायला गेलो त्याच्या पहिल्या शरदात माझी तिची ओळख झाली. माझा नवरा शिरीष सकाळी तोक्योला जाणारी गाडी पकडायचा, इरा बालवाडीत जायची, आणि मी ठाण्यातली नोकरी सोडून आलेली, रिकामी, चिडचिडी बाई दुपारभर रस्ते तुडवायची. एके दिवशी समुद्राच्या बाजूच्या एका जुन्या इमारतीच्या तळमजल्याला, ओटीएवढ्या बागेत, मासळीच्या पांढऱ्या थर्माकोलच्या खोक्यांमध्ये मला अळू दिसलं. हत्तीच्या कानासारखी पानं, वाऱ्यावर डुलत होती. ठाण्यात मी अळूला कधी भाव दिला नव्हता. लग्नाच्या पंगतीतलं फदफदं मी ताटाच्या कडेला सारायची. पण त्या दिवशी तोंडाला असं पाणी सुटलं की मी सरळ घंटी वाजवली.

दार उघडणारी बाई दाराएवढी होती. अंगात मोठ्या फुलांचा ढगळ झगा, वर नवऱ्याचा असावा असा करडा स्वेटर, अंबाड्यात खोचलेली पेन्सिल. मी पाठ केलेलं जपानी वाक्य म्हटलं. ही पानं तुम्ही टाकणार असाल तर मला खायला द्याल का? जपानी माणसं अळकुड्या आवडीनं खातात, पण पानांच्या वाटेला सहसा जात नाहीत, एवढं मला बाजारात हिंडून कळलं होतं.

तिनं डोळे बारीक केले आणि इंग्रजीत विचारलं, "खाणार? घशाचं माहितीये ना?"

"माहितीये. चिंच घालायची."

"आणि?"

"आणि भरपूर शिजवायचं."

"किती भरपूर?"

"खाजायचं थांबेपर्यंत," मी म्हटलं. आणखी काय सांगणार?

ती गदगदून हसली, अंबाड्यातली पेन्सिल खाली पडली. दार पूर्ण उघडून बाजूला होत तिनं विचारलं, "जेवलीस का?" दुपारचे चार वाजले होते. पुढे कळलं की तिचं "हॅलो" तेच होतं. सकाळी सातला भेटा की संध्याकाळी, फोनवर बोला की रस्त्यात, पहिला प्रश्न हाच. आणि "हो, जेवले" हे उत्तर तिनं कधीच मनावर घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी अळूवड्या घेऊन गेले. तिनं एक तोंडात टाकली, डोळे मिटले, आणि ताटली माझ्या हातातून काढून घेतली. आठवड्यानं ती ताटली परत आली तेव्हा तिच्यावर केळीच्या पानात बांधलेली दोन पुडकी होती. आत अळूच्या पानात गुंडाळून वाफवलेलं कोंबडीचं मांस. त्याला लाउलाउ म्हणतात. हवाईत वेगळी पानं वापरतात, ती इथे मिळत नाहीत, म्हणून ती तोक्योतल्या निशिकासाईच्या भारतीय दुकानातून गोठवलेली केळीची पानं आणायची. ज्या दुकानात मी अळूची पानं हुडकत होते तिथूनच! रिकामी ताटली परत करायची नसते हे हिला कुणी शिकवलं, असा प्रश्न मला पडला. तिलाही माझ्याबद्दल तोच प्रश्न पडला होता असं तिनं नंतर सांगितलं.

तिच्याकडे हवाईत वडीलधाऱ्या प्रत्येक बाईला आंटी म्हणतात, नातं असो नसो. त्यामुळे मी तिला आंटी म्हटल्यावर ती चकितच झाली. जपानी शेजारणी तिला पुआ-सान म्हणत, आणि त्या सान-मध्ये जे एक हात अंतर असतं ते तिला इतक्या वर्षांनंतरही टोचायचं. नवीन माणूस भेटलं की ती काम-धंदा विचारत नसे. "आजी कुठली तुझी?" हा तिचा दुसरा प्रश्न. माझी आजी राजापूरची, हे तिनं कायमचं लक्षात ठेवलं. शिरीष काय काम करतो हे मात्र तिला शेवटपर्यंत नीट सांगता आलं नाही. "तो काँप्युटरमध्ये काहीतरी शोधत असतो," असं ती सांगायची. तसं ते फारसं चूकही नव्हतं.

पोई पहिल्यांदा खाल्ली तेव्हा मला लहानपणी पतंगाला लावायची खळ आठवली. मी सभ्यपणे म्हटलं, "वेगळी चव आहे."

"खोटारडी," आंटी खूश होऊन म्हणाली. "तिसऱ्या दिवशी ये."

तिसऱ्या दिवशी पोई आंबली होती, आणि ती मात्र मला खरंच आवडली. आंबट, गार, पोटाला शांत करणारी. ती बोटानं खायची. घट्ट असेल तर एका बोटावर उचलली जाते, सैल असेल तर दोन बोटं लागतात, फारच पातळ असेल तर तीन. आंटी पाहुण्याच्या बोटांवरून आपल्या पोईला मार्क देई. खाऊन झालं की ओल्या बोटानं वाडग्याची आतली कड गोल पुसून घ्यायची, एकही डाग वर राहू द्यायचा नाही. ही तिची इतकी पक्की सवय होती की बोलता बोलता ती चहाच्या कपाची कडसुद्धा पुसायची.

जपानी अळकुडी जास्त बुळबुळीत. तिची पोई करडी-पांढरी व्हायची, तिच्या माहेरच्यासारखी जांभळट नाही. रोपं हवाईतून आणायला परवानगी नव्हती. "हा आमचा थोरला नव्हे," ती बत्ता चालवता चालवता म्हणायची, "थोरल्याचा जपानी चुलतभाऊ. पण मान तोच द्यायचा." हे ती इतक्या गंभीरपणे म्हणायची की मी हसू आवरून धरायची.

ती नाचत नसे. हे मुद्दाम सांगायला हवं, कारण जपानात गल्लोगल्ली बायका हुला शिकतात. आमच्या भागातल्या कोमिन्कानमध्ये, म्हणजे वस्तीच्या सभागृहात, दर बुधवारी वीसेक बायका फुलांचे हार घालून कंबर हलवायच्या, आणि खऱ्याखुऱ्या हवाईची एक बाई चार इमारती पलीकडे राहते म्हटल्यावर त्या हात धुऊन तिच्या मागे लागल्या. "आमच्या घरात नाचायला माझी बहीण होती," आंटी म्हणायची. "मी कुटायला." शेवटी त्यांनी तिला वार्षिक कार्यक्रमाची प्रमुख पाहुणी केलं. आंटी वाडगं घेऊन गेली, मला मदतीला नेलं. बायकांनी फोटो काढले, चमच्याच्या टोकानं पोई चाखली, फार छान, फार छान म्हणाल्या. आणि मग त्यातल्या एका टापटिपीच्या बाईनं माश्या बसू नयेत म्हणून वाडग्यावर प्लास्टिकची पारदर्शक झिल्ली ताणून घट्ट बसवली.

आंटीनं माझ्याकडे बघितलं. पाच मिनिटांच्या आत पहिल्या रांगेत कुणी उभं राहायचं यावरून कुजबुज सुरू झाली. जपानी भांडण कुजबुजीतच होतं, पण तासभर चालतं. एक बाई रडली, एकीनं हार काढून खुर्चीवर ठेवला. मला हसू आवरेना. आंटी मात्र हसली नाही. ती उठली, वाडग्याजवळ गेली, झिल्ली सोलून काढली आणि त्या रडणाऱ्या बाईला विचारलं, "जेवलात का?" त्या दिवशी त्या बाईनं तिच्याशेजारी बसून बोटानं पोई खाल्ली. पुढे ती आंटीकडे येऊन अळूही लावू लागली.

आमच्या घरचं भांडण तिच्या टेबलावर झालं ते नागोयावरून. शिरीषच्या कंपनीनं त्याला नागोयाच्या गाड्यांच्या कारखान्यात पाठवायचं ठरवलं होतं. मला नुकतीच कुठे एका शाळेच्या स्वयंपाकघरात अर्धवेळ नोकरी मिळाली होती. रविवारी आंटीकडे जेवताना शिरीषनं तो विषय काढला, माझा पारा चढला आणि मी मराठीत सुरू झाले. तिला कळणार नाही अशा समजुतीनं. आंटीला शब्द कळले नसतील, सूर कळला. ती उठली. झाकण नेहमीच्या एकाही जागी नव्हतं. ती स्वयंपाकघरात गेली, न्हाणीत गेली, बागेत गेली, आणि आम्ही दोघं तोंड मिटून तिची वाट बघत बसलो. इरा माझ्या मांडीवरून जपानीत विचारत होती, आंटी काय हरवलंय? शेवटी आंटी तव्याचं झाकण घेऊन आली, वाडग्यावर ठेवलं, खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, "हं. भांडा आता."

आता काय भांडणार, कपाळ! शिरीषला हसू आलं, मग मलाही. नागोयाचं तेव्हा पुढे ढकललं गेलं, ते काही झाकणामुळे नव्हे. पण घरी आल्यावर मी आमच्या जेवणाच्या टेबलावर मधोमध आमटीचं पातेलं उघडं ठेवायला लागले. फार उपयोग झाला असं म्हणणार नाही, पण थोडा झाला.

आता मुख्य गोष्टीकडे येते. ती सांगायची टाळत होते, हे माझ्या लक्षात आलंय.

आंटीचा नवरा कोइची-सान मी भेटायच्या आधीच गेला होता. त्याच्या फोटोपुढे ती रोज बोटभर पोई ठेवायची. मुलगी नाओमी कावासाकीत एका इलेक्ट्रॉनिक्सच्या कंपनीत होती आणि बहुतेक रविवारी यायची. आई इंग्रजीत बोले, मुलगी जपानीत उत्तर देई, आणि दोघींना त्यात काही वावगं वाटत नसे. नाओमी पोईवर साखर घालून खायची. आंटीच्या लेखी हे महापातक होतं, पण वाडगं उघडं असताना बोलणार कशी? ती फक्त साखरेचा डबा दर आठवड्याला आणखी वरच्या फळीवर ठेवायची.

या टेबलाला चौथी एक खुर्ची होती. तिच्यावर कुणी बसायचं नाही असा काही नियम नव्हता, पण आंटी तिथे कुणाला बसवत नसे. ती तिच्या भावाची, कावीकाची. तो या घरात कधी आलाच नव्हता.

एकदा अळकुड्या कुटताना तिनं सांगितलं. बेटावरच्या एका दरीत त्यांचं वडिलोपार्जित अळूचं खाचर होतं, भाताच्या खाचरासारखंच, गुडघाभर पाण्याचं. आईवडील गेल्यावर ते कावीका एकटा करायचा. दोघी बहिणी लग्न होऊन पांगल्या, त्यातली नाचणारी वारली. आणि एके दिवशी कुणा दूरच्या नातेवाइकानं पाठवलेल्या फोटोत आंटीला दिसलं की खाचर बुजवून तिथे सुट्टीला येणाऱ्या पाहुण्यांची घरं उठली आहेत. कावीकानं जमीन देऊन टाकली होती. त्या दिवसापासून ती त्याच्याशी बोलली नव्हती.

"जमिनीचं दुःख नाही," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, "आहे. जमिनीचंही आहे. पण त्यानं मला विचारलं नाही गं."

बत्ता थांबला.

"मला लहानपणी घरात पुपु म्हणायचे," ती म्हणाली. "आता पुपु म्हणणारं एकच माणूस उरलंय जगात. आणि त्याचा फोन मी उचलत नाही."

एवढं म्हणून तिनं बत्ता पुन्हा उचलला. मी घरी येऊन शिरीषला म्हटलं की ही बाई भावावाचून झुरतेय आणि कबूल करायची नाही. शिरीष म्हणाला, तूही केलं नसतंस. हे बाकी खरं.

कावीकाला बोलावलं ते नाओमीनं. आईला तिनं जेवताना सरळ सांगितलं, जपानीत, खाली बघून. "मामाला मी तिकीट पाठवलंय. माझं आजोळ म्हणजे एवढं एक माणूस आहे. मला तो हवाय." आंटी पांढरी पडली. तिचा हात वाडग्याकडे गेला, झाकण कुठे आहे हे तिला ठाऊक होतं, समोरच होतं. पण ती उठली नाही. ओल्या बोटानं तिनं कड पुसली, पुन्हा पुसली, आणि नाओमीला म्हणाली, "साखर हवी का?" तिनं स्वतः उठून वरच्या फळीवरून डबा काढून दिला.

कावीका अंकल नोव्हेंबरात आला. आंटीहून रुंद, पायात रबरी सपाता, थंडीनं पाय निळे पडलेले, खांद्यावर मासे न्यायचा असतो तसा थंड डबा. त्यात बेटावरच्या पोईच्या बंद पिशव्या होत्या. विमानतळावर जाऊन त्याला आणायला आंटी तयार नव्हती. नाओमी आणि मी गेलो. तळमजल्याच्या दारात दोघं समोरासमोर उभी राहिली तेव्हा त्यांच्या तोंडाकडेच बघत राहावं, इतकी ती सारखी दिसत होती.

"जेवलास का?" आंटीनं विचारलं.

"विमानात," तो म्हणाला.

"ते काय जेवण असतं?" ती म्हणाली आणि आत वळली. टेबलावर वाडगं उघडं होतं.

आणि ते उघडंच राहिलं! आंटीनं अशी शक्कल काढली होती की मी थक्क झाले. पोई संपत आली की ती नवी कुटायची. रात्रीसुद्धा वाडग्यावर झाकण नाही, नुसतं विरळ फडकं. नियमात फडकं बसत नाही, असं तिचं म्हणणं. चार दिवस ती दोघं त्या टेबलाशी बसून गोड गोड बोलत होती. हवा छान आहे. हो, छान आहे. गाड्या वेळेवर येतात. हो, अगदी वेळेवर. त्यानं तिची करडी पोई एका बोटावर उचलून खाल्ली आणि म्हणाला, "चांगली आहे." तिनं त्याच्या पिशवीतली जांभळट पोई वाडग्यात ओतली, कड पुन्हा पुन्हा पुसली, पण तोंडानं "रंग सुंदर आहे" एवढंच. नाओमीनं मला फोन करून सांगितलं की दोघांमध्ये बसून तिचं डोकं फिरायची वेळ आली आहे. मी तिला म्हटलं, दोघं घाबरलीत. नाओमी म्हणाली, कशाला? मला काय ठाऊक, मी म्हटलं. पण ठाऊक होतं. एकदा भांडली की उरलंसुरलंही जाईल, ही भीती होती.

तो परत जायच्या आदल्या दुपारी मी त्याच्यासाठी अळूवड्या घेऊन गेले. दोघं टेबलाशी. नाओमी खिडकीजवळ. कावीका अंकलनं एक वडी खाल्ली आणि म्हणाला, "आपल्या खाचरातलं पान असतं तर याची चव—" आणि थांबला.

मग आंटी उठली. फ्रीजवरून झाकण काढलं. दोन्ही हातांनी वाडग्यावर ठेवलं. लाकडावर लाकूड टेकल्याचा आवाज अजून माझ्या कानात आहे.

"बोल," ती म्हणाली.

नाओमी आणि मी बागेत पळालो आणि काचेचं दार ओढून घेतलं. थर्माकोलच्या खोक्यांमध्ये उकिडव्या बसलो. आतून जे आवाज आले ते त्यांच्या बेटावरच्या इंग्रजीतले, मला अर्धेच कळले. तिचा आवाज चढत होता. विचारलं नाहीस, विचारलं नाहीस, हेच पुन्हा पुन्हा. मग त्याचा आला, आणि तो इतका मोठा होता की वरच्या मजल्यावरची खिडकी उघडली. "विचारलं असतं तर तू नको म्हणाली असतीस! आणि मग? तू येणार होतीस चिखलात उतरायला? तू इथे. मी एकटा. गुडघे गेले माझे, पुपु! तो थोरला मी एकट्यानं किती दिवस पाठीवर घ्यायचा?" मग ती रडत होती, की तो, ते मला सांगता येणार नाही. आईच्या सावकाश इंग्रजीला सरावलेल्या नाओमीला ही बोली झेपत नव्हती; ती जपानीत मला विचारत होती, मामा काय म्हणाला, काय म्हणाला? मला कळलं तेवढं मी तिला सांगितलं. तिनं माझा हात घट्ट धरला होता.

वरच्या मजल्यावरची खिडकी पुन्हा बंद झाली. आणि मग आतून आवाज आला, लाकडावरून लाकूड उचलल्याचा. आम्ही आत गेलो. वाडगं उघडं होतं, दोघांची नाकं लाल होती, आणि आंटी भावाला सांगत होती की त्याची पोई पातळ आहे, तीन बोटं लागतात, लाज नाही वाटत?

त्यानंतर दर रविवारी तो फोनच्या पडद्यावर यायचा. आंटी फोन चौथ्या खुर्चीपुढे बरणीला टेकवून ठेवायची. तिकडे त्याच्यापुढे वाटी, इकडे वाडगं. त्या हिवाळ्यात मी तिला जितकं आनंदात पाहिलं तितकं आधी कधी पाहिलं नव्हतं. ती शिट्टी वाजवत कुटायची. नाओमीला मामानं पडद्यावरून साखरेवरून दटावलं, तर आंटीनं उलट मुलीची बाजू घेतली.

वसंतात नागोयाचं पुन्हा उपटलं, आणि या खेपेला टळलं नाही. सामान बांधून झालं तेव्हा मी निरोप घ्यायला आंटीकडे गेले. दार नाओमीनं उघडलं. तिचा चेहरा पाहूनच मला कळलं. कावीका अंकल आदल्या दिवशी गेला होता. पोटाचा कर्करोग. नोव्हेंबरात तो इथे आला तेव्हाच त्याला ठाऊक होतं. कुणाजवळ बोलला नव्हता, बहिणीजवळही नाही.

आंटी टेबलाशी बसली होती, तोच करडा स्वेटर, अंबाड्यात पेन्सिल. समोर वाडगं उघडं. ती रडत नव्हती. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. मी निघतेय हे सांगायची तर सोयच नव्हती, पण तिला ते ठाऊक होतं. दाराजवळ ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली, थंडीभर घरात जपलेल्या कुंडीतल्या अळूची देठं ठेवली होती. बुडाला अळकुडीचा तुकडा ठेवून कापलेली, तशीच लावली की नवं अळू येतं. माझ्यासाठी. तिनं ती त्या दिवशी सकाळीही कापली होती.

"मेधा," ती म्हणाली, "झाकण दे."

ते या खेपेला शोधावं लागलं नाही. तिच्या हाताशीच होतं, पण तिला उचलवत नव्हतं. मी ते घेतलं आणि वाडग्यावर ठेवलं.

"आता बाहेर जा दोघी," ती म्हणाली. "मला त्याच्याशी बोलायचंय."

आम्ही बागेत गेलो. खोक्यांमधली माती नुसती काळी होती, कोंब अजून वर आले नव्हते. मी काचेतून पाहिलं. ती चौथ्या खुर्चीकडे वळून बसली होती. आधी हळू बोलली असावी, मग तिचा हात वर गेला, बोट रोखलं गेलं, आणि तिचा आवाज काचेतून बाहेर आला. "पुन्हा! पुन्हा मला न विचारता! सांगितलंसुद्धा नाहीस!" ती त्याला मनसोक्त रागावली. लहानपणापासूनचं सगळं काढलं असणार. खुर्चीच्या पाठीवर एक चापटही मारली. नाओमी रडत होती, मीही.

मग ती दम खात बसली. स्वेटरच्या बाहीनं तोंड पुसलं. दोन्ही हातांनी झाकण उचलून बाजूला ठेवलं. पाण्यात बोट बुडवून वाडग्याची कड गोल पुसून घेतली, सावकाश, एकही डाग राहू न देता. आणि काचेकडे वळून आम्हाला आत बोलावलं. तिचे शब्द बाहेर ऐकू आले नाहीत. पण ओठ हलले ते मला कळलं.

जेवलात का?